टाटा-मर्सिडीज ते टाटा १२१०: कोल्हापूरनं जगवलेली नाकवाली गाडी

गूळबाजार_शाहूपुरी

लांब पल्ल्याच्या ट्रकवर बोलणं निघालं की ते नव्या मॉडेलांवर, एसी केबिनवर आणि मायलेजवर येऊन थांबतं. ज्या गाडीनं आपल्या जिल्ह्याचा गूळ गुजरातला नेला, साखर मुंबईला उतरवली, इचलकरंजीचं कापड पाली-बालोत्र्याला पोचवलं, त्या टाटा १२१० वर मराठीत सलग लिहिलेलं मला कुठं मिळालं नाही. माहिती आहे, पण विखुरलेली. थोडी ड्रायव्हर लोकांकडं, थोडी उद्यमनगरातल्या लेथवाल्यांकडं, थोडी शिरोलीच्या फौंड्रीत. ती इथं एका जागी आणूया. मला ठाऊक आहे तेवढं आधी मांडतो.

टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, १९४५ सालची. जमशेदपूरला ती रेल्वेची वाफेची इंजिनं बांधायची. ट्रककडं वळली १९५४ मध्ये, जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून. तेव्हा रस्त्यावर डॉज, फार्गो, शेव्हरलेट, बेडफर्ड असल्या गाड्या, त्यातल्या बऱ्याचशा पेट्रोलवर चालणाऱ्या, आणि सुटे भाग बोटीनं येणार. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारनं धोरण घेतलं की परदेशातून पेट्या आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना इथं जागा नाही, टप्प्याटप्प्यानं सगळं इथंच बनवणार असाल तर राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. ती मोकळी जागा टेल्कोनं धरली, आणि करारानंतर सहा महिन्यांच्या आत पहिला ट्रक बाहेर काढला.

तो होता एल ३१२. पुढं गोलसर लांब नाक, जाळीवर बेंझचा तीन टोकांचा तारा, आत सहा सिलिंडरचं ४.५८ लिटरचं डिझेल इंजिन. त्याच घराण्यात साठच्या दशकात १२१० आली. आकड्यांतच सगळं आहे: मालासकट एकूण वजन १२ टन, ताकद साधारण १०० अश्वशक्ती. पुढं १६१२, १६१३ हे आकडेही त्याच रीतीनं पडले. १९६९ मध्ये करार संपला, तारा उतरला आणि जाळीवर टाटांचा 'टी' बसला. गाडी तीच राहिली. आमच्या बाजारातले हमाल त्यानंतरही किती वर्षं तिला 'बेंझ'च म्हणायचे.

पण मला खरं बोलायचंय ते याच्या पुढचं. आराखडा जर्मनीचा, कारखाना जमशेदपूरचा, हे कुठंही वाचायला मिळेल. गाडी एवढी वर्षं रस्त्यावर राहिली ती कोल्हापूरसारख्या गावांच्या जोरावर, असं माझं ठाम मत आहे. कंपनीतून यायची ती चॅसी, म्हणजे इंजिन आणि चाकं लावलेला नुसता सांगाडा. तिचा ट्रक व्हायचा तो इथं, आणि तो चालता राहायचा तोही इथल्याच हातांनी. तुमच्यापैकी ज्यांचे हात त्या कामात होते त्यांनी लिहावं.

हौदा_फाळका

दादा, अगदी खरं. आमच्या घरात दोन पिढ्या बॉडीचं काम झालं. नव्या पोरांना कल्पना येत नाही की तेव्हा गाडी कशी यायची. बॉनेट, जाळी, मडगार्ड आणि समोरच्या काचेची चौकट, म्हणजे काऊल, एवढंच कंपनीचं. त्याच्या मागं नुसती चॅसी. दार नाही, छप्पर नाही, पाठीमागं काही नाही. ड्रायव्हर डोक्याला टॉवेल बांधून, एखादी फळी किंवा खोकं ठेवून त्यावर बसून ती चालवत आणायचा. ऊन, पाऊस, धूळ सगळं अंगावर.

मग आमचं काम सुरू. टिंबर मार्केटातनं लाकूड निवडायचं. तळाला आणि आडव्या तुळ्यांना ऐन, किंजळ, कारण ते वजन झेलतं आणि पाण्यानं लगेच कुजत नाही. केबिनच्या चौकटीला साग परवडला तर साग. वर पत्रा, कोपऱ्यांना अँगल. चॅसीच्या लोखंडावर लाकूड थेट बसवत नव्हते. मध्ये सलग फळी घालून यू-बोल्टनं आवळायचं, चॅसीला भोक पाडायचं नाही. ही आमच्या आजोबांची पहिली शिकवण. भोक पाडलं की तिथनंच पुढं चॅसीला चीर जाते.

मालक काय भरणार ते आधी विचारायचे. गूळ भरणाऱ्याचा हौदा, म्हणजे माल भरायची मागची पेटी, वेगळा, ऊस भरणाऱ्याचा वेगळा, कापडाच्या गाठी नेणाऱ्याचा अजून वेगळा. गाठी हलक्या आणि मोठ्या, म्हणून बाजूच्या फळ्या उंच. बॉक्साइट किंवा वाळूवाल्याला ठेंगणा, जाड हौदा आणि मजबूत फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं उघडणारं दार. त्यामुळं कंपनीतनं सारख्याच निघालेल्या दोन 'बारा-दहा', म्हणजे १२१०, इथनं बाहेर पडताना एकमेकींसारख्या कधीच नसायच्या.

आणि रंगकाम. केबिनच्या कपाळावर जोतिबा किंवा आई अंबाबाई, दारावर मालकाच्या गावाचं नाव, मागच्या फाळक्यावर कमळ, मोर. आपल्या गावात हाताला वळण असलेल्या पेंटरांची कधी वाण नव्हती. पुण्याला, हुबळीला उभी असलेली गाडी लांबनं बघून "कोल्हापूरची दिसतीय" म्हणणारे लोक होते.

तवंदी_घाट

मी बारा-दहा चालवलेला माणूस आहे. नातू टाईप करून देतोय.

क्लीनर म्हणून चढलो. वस्तादनं आधी वर्षभर स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. पाणी बघ, ऑइल बघ, टायरवर हातोडी मारून आवाज ऐक, नाडा आवळ, ताडपत्री बांध. गुळाची गाडी असली तर ताडपत्रीचं काम लई महत्त्वाचं. रव्यांना, म्हणजे गुळाच्या ढेपांना, पाणी लागलं की गूळ पाझरतो, आणि उन्हात घट्ट झाकून ठेवला तर उबतो. वारा जायला वाट ठेवून बांधायचं. ते जमलं तवा वस्ताद म्हणाला, आता बस पुढं.

पॉवर स्टिअरिंग नव्हतं. भरलेली गाडी जागच्या जागी वळवायची म्हणजे पाय फळीला रोवून दोन्ही खांदे लावायला लागायचे. म्हणून स्टिअरिंगचं चाक एवढं मोठं. इंजिन अर्धं बॉनेटखाली आणि अर्धं केबिनात, त्यामुळं एप्रिल-मेमध्ये डाव्या पायाला भाजायचं. आम्ही इंजिनाच्या डब्यावर ओलं पोतं टाकायचो.

घाटाचा नियम एकच: ज्या गिअरला चढशील त्याच गिअरला उतर. निपाणी सोडल्यावर तवंदी, पुण्याकडं खंबाटकी आणि कात्रज. चढताना दुसरा टाकला की माणूस चालत बरोबर येईल असा वेग. क्लीनर लाकडी ठोकळा हातात घेऊन पायरीवर उभा, गाडी थांबली की उडी मारून मागच्या चाकाखाली लावायचा. उतरताना ब्रेकवर उतरलास तर ड्रम तापून ब्रेक लागायचाच बंद होतो. इंजिनानंच गाडी धरायची. ही गाडी इंजिनावर अशी धरायची की पायाखाली कळायचं.

गगनबावड्याच्या करूळ घाटात मात्र नाकवाली गाडी नेताना सांभाळायला लागायचं. वळणावर नाक दरीकडं पुढं निघतं आणि चाक अजून मागं असतं. सवय नसलेल्याला वाटायचं गेली खाली. पण त्याच नाकाचा एक आधार होता. समोरनं काही येऊन आदळलं तर आधी बॉनेट, मग आपण. चपट्या तोंडाच्या गाड्या आल्यावर आमच्यातले काही जुने ड्रायव्हर त्यात बसायला तयार नव्हते. "गुडघ्यावर कायबी नाही" म्हणायचे.

कराड_नाका

काका, नमस्कार. लेलँडचं नाव या धाग्यात अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. अशोक मोटर्स १९४८ सालची, १९५५ मध्ये लेलँडबरोबर अशोक लेलँड झाली, आणि त्यांची कॉमेट ही तोडीस तोड गाडी होती. चढावर भरलेली कॉमेट दमायची नाही. आमच्याकडं ऊस आणि सिमेंटला लेलँडच पसंत होती. टाटा चांगली होती यात शंका नाही, पण रस्ता एकट्या टाटानं ओढला असं होऊ नये.

तवंदी_घाट

बरोबर आहे भावा. लेलँडचं इंजिन दणकट. पण आडरानात रात्री बंद पडली तर टाटाचा भाग पुढच्या गावात मिळायचा, लेलँडसाठी कोल्हापूर नाहीतर बेळगाव गाठायला लागायचं. मालकाच्या दृष्टीनं उभी गाडी म्हणजे तोटा. म्हणून टाटा.

सँड_कोअर

काकांनी ड्रमचा विषय काढला, तो माझ्या जिव्हाळ्याचा. मी पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने करणारा. शिरोली एमआयडीसीत उमेदवारी केली, अजून त्याच कामात आहे.

कोल्हापूरला ओतकाम ट्रकमुळं आलं नाही, ते आधीपासून होतं. शेतीच्या पाण्यासाठी लागणारी ऑइल इंजिनं इथं बनायची. त्यांचे सिलिंडर, फ्लायव्हील, हेड ओतता ओतता गावाला ओतकामाची नजर आली. ट्रकचे सुटे भाग करायची वेळ आली तेव्हा माती, साचा, भट्टी आणि माणूस सगळं तयार होतं. शिवाजी उद्यमनगर, मग शिरोली, गोकुळ शिरगाव, आणि आता कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत.

ब्रेक ड्रम दिसायला सोपा. पण त्यात काय आहे ते सांगतो. करड्या बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, कार्बन पापुद्र्यांच्या रूपानं असतो. त्या पापुद्र्यांमुळं उष्णता लवकर पसरते आणि कंपन जिरतं, म्हणून ड्रमला हेच बीड लागतं. पण तेच पापुद्रे फार मोठे झाले तर ताकद कमी होते आणि घाटात तापून गार झालेल्या ड्रमला आतल्या तोंडावर बारीक चिरा पडतात. वितळलेल्या लोखंडात सिलिकॉन किती, कार्बन किती, ओतल्यावर ते किती वेगानं गार होतंय, जाडी कुठं बदलतीय, या सगळ्यावर ते ठरतं. साच्यात माती ओली राहिली तर वायू अडकून पोकळी येते. वरनं ड्रम गुळगुळीत दिसतो, लेथवर चढवला की आत छिद्र. असा ड्रम फेकायचा म्हणजे फेकायचाच. खंबाटकीत उतरणारा माणूस त्याच्या भरवशावर असतो.

आमच्या जुन्या मिस्त्रींच्या काळी भट्टी कुपोला, कोळशावर चालणारी. तिच्यातनं निघणाऱ्या रसाचा रंग आणि ठिणग्या बघून मिस्त्री सांगायचे, अजून थांबा. छोटी पाचर ओतून, गार करून, फोडून तिच्या तोंडाचा रंग बघायचे. पांढरं जास्त दिसलं तर बीड कडक, मशीनवर हत्यार मोडणार. आता इंडक्शन भट्टी आणि स्पेक्ट्रोमीटर आहे, पण पाचर फोडून बघणारे अजून आहेत आणि ते बरोबर सांगतात.

बारा-दहाचे हब, ड्रम, फ्लायव्हील हाउसिंग, मॅनिफोल्ड, बेअरिंग कॅप असं कितीतरी काम इथल्या साच्यांतनं गेलं. काही कंपनीला, काही बाजारात बदली भाग म्हणून. बाजारातलं सगळंच चांगलं होतं असं म्हणणार नाही. हलका मालही निघायचा आणि त्यानं अपघात झालेले मी बघितलेत. पण चांगल्या फौंड्रीचा ड्रम ओरिजिनलच्या बरोबरीनं चालायचा, हे सांगणारे ड्रायव्हर आजही भेटतात.

नोझल_टेस्टर

वाचून फार आनंद झाला. मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होतो तेव्हापासून या इंजिनांच्या मागं आहे. गूळबाजार दादांनी गाडीच्या आकड्यांचं सांगितलं, इंजिनाच्या आकड्यांचं मी सांगतो.

टाटाची जुनी इंजिनं ६९२ आणि ६९७. पहिला आकडा सिलिंडरची संख्या, पुढचे दोन बोअरचे, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या रुंदीचे, मिलिमीटर. ६९२ म्हणजे सहा सिलिंडर, ९२ मिमी बोअर, १२० स्ट्रोक (पिस्टनची चाल), सुमारे ४७८६ सीसी. ६९७ म्हणजे ९७ बोअर, १२८ स्ट्रोक, ५६७५ सीसी. ४०७ वर १९८६ नंतर दिसणारं ४९७ हेही त्याच हिशेबातलं, चार सिलिंडर. जर्मनीहून आलेल्या मूळ इंजिनाचा बोअर ९० होता. तो इथं ९२ वर नेला.

मोठा बदल १९७१ मध्ये झाला, तेव्हा टेल्कोनं डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं आणली. मूळ बेंझ इंजिन प्रीचेंबरचं. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता हेडमधल्या छोट्या कप्प्यात आधी पेटतं आणि जळता वायू बारीक भोकांतनं पिस्टनवर येतो. आवाज मऊ, पण त्या कप्प्याच्या भिंती बरीच उष्णता खातात. म्हणून थंडीत सुरू करायला हीटर प्लग तापवायला लागायचे. जुन्या पद्धतीत सगळे प्लग एकामागं एक जोडलेले असायचे. एक जळाला की सगळे बंद, आणि पहाटे गारठ्यात क्लीनर एकेक प्लग तपासत बसायचा.

डायरेक्ट इंजेक्शनमध्ये तो कप्पाच गेला. पिस्टनच्या डोक्यातल्या खोलगट वाटीत डिझेल थेट फवारलं जातं. इंजिन थोडं खडखडतं, पण सकाळी पटकन सुरू होतं आणि डिझेल कमी पितं. दोनच वर्षांनी, १९७३ मध्ये जगभर तेलाचे भाव भडकले. त्या वेळी प्रत्येक लिटरमागं जास्त पळणारं इंजिन हाताशी असणं हे या गाडीच्या यशाचं मला सगळ्यात मोठं कारण वाटतं. रंगरूप, नाक, तारा यावर लोक प्रेम करतात, पण मालकानं दुसरी आणि तिसरी गाडी घेतली ती डिझेलच्या हिशेबावर.

डिझेल फवारणारा पंप बंगळुरूच्या मायको कंपनीचा, एका रांगेत सहा प्लंजर. त्याचं कॅलिब्रेशन करणारे टेबल कोल्हापुरात होते आणि आहेत. लायनर, क्रँक ग्राइंडिंग, बोअर, व्हॉल्व्ह सीट, सगळं उद्यमनगरच्या एका गल्लीत फिरून पूर्ण व्हायचं. 'हाफ इंजिन', म्हणजे इंजिन अर्धंच खोलायचं काम असेल तर चॅसीवरनं इंजिन न उतरवता व्हायचं.

यंत्रमाग_ताई

मी इचलकरंजीची. आमचे वडील हुंडेकरी होते, म्हणजे व्यापाऱ्याचा माल आणि मालकाची गाडी यांची गाठ घालून द्यायची, भाडं ठरवायचं, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडायची. इथं आतापर्यंत लोखंडाचं बोलणं झालं, मी पैशाचं आणि कागदाचं थोडं सांगते, कारण त्याशिवाय लांब पल्ला म्हणजे काय ते कळत नाही.

सुरुवातीच्या काळात कुठल्याही राज्यात गाडी घालता येत नव्हती. प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, सही वेगळी, कर वेगळा. गाडी चांगली असून उपयोग नव्हता, कागद नसला तर सरहद्दीवर माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरायचा. १९७५ मध्ये नॅशनल परमिट आलं आणि एकच गाडी इथनं भरून थेट राजस्थानात जाऊ लागली. वडील म्हणायचे, त्यानंतर मग बारा-दहाचा खरा उपयोग झाला.

पण जाणं सोपं, येणं अवघड. कापड घेऊन गेलेली गाडी रिकामी परत आली की सगळा फायदा डिझेलमध्ये. म्हणून परतीचं भाडं आधी बघायचं. राजस्थानातनं फरशी, गुजरातेतनं मीठ किंवा रसायनं. वडिलांच्या वहीत प्रत्येक गाडीपुढं दोन रकाने असायचे, जाताना आणि येताना. दुसरा रकाना कोरा राहिला की त्या दिवशी घरात बोलणं कमी व्हायचं.

जकात नाक्यावरच्या रांगांचंही लिहून ठेवायला हवं. पहाटे पोचलेली गाडी दुपारी सुटायची. ड्रायव्हर लोक तिथंच स्टोव्ह पेटवून भात टाकायचे. सगळी वेळ रस्त्यानं खाल्ली असं आपण म्हणतो, पण निम्मी वेळ नाक्यांनी खाल्ली.

बायका या चर्चेत दिसत नाहीत म्हणून हेही सांगते. ड्रायव्हर घरी नसायचा तेव्हा गाडीचा हप्ता, मुलांची शाळा, शेतातली भांगलण हे सगळं त्याची बायको बघायची. निरोप आमच्या ऑफिसच्या फोनवर यायचा आणि कुणीतरी सायकलवरनं सांगायला जायचं. या गाडीचा इतिहास लिहिणाऱ्यानं त्या घरांचीही नोंद घ्यावी, हे माझं कळकळीचं म्हणणं आहे.

गूळबाजार_शाहूपुरी

ताई, तुमची पोस्ट या धाग्याचा कणा आहे. गाडी, कागद आणि घर हे तिन्ही एकत्र आले.

आता गाडीचा पुढचा प्रवास लिहितो. १२१० च्या पाठोपाठ जास्त वजनाच्या गाड्या आल्या, १६१२ आणि नंतर टर्बोवाली १६१३. चपट्या तोंडाच्या एलपी मालिकेनं हळूहळू बाजार घेतला, कारण त्याच लांबीत हौदा मोठा बसतो. टिपर एलपीके, ट्रेलर ओढणारी एलपीएस, बसची चॅसी एलपीओ. एसटीच्या ज्या लाल गाड्यांतनं आपण शाळेला गेलो त्यातल्या कितीतरींच्या पोटात हीच इंजिनं होती. नाकवाली एसई मात्र डोंगराळ मुलखात पुढंही बराच काळ मागणीत राहिली.

टेल्कोचा पुण्याचा कारखाना १९६६ मध्ये उभा राहू लागला आणि १९७७ मध्ये तिथनं पहिलं व्यावसायिक वाहन निघालं. त्यामागं टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकर. पुण्यात त्यांनी आधी यंत्रं घडवणारा विभाग आणि शिकाऊ उमेदवारांचं प्रशिक्षण उभं केलं, गाड्या नंतर. आपल्या भागातली अनेक पोरं तिथं शिकून परत आली आणि इथं त्यांनी वर्कशॉप काढले.

मग काळ बदलला. १९९३ मध्ये टाटा-कमिन्स झाली. २००० पासून धुराचे नियम लागू होत गेले, १ एप्रिल २०१७ ला बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६. आता कॉमन रेल, सेन्सर, युरियाची टाकी. हवा स्वच्छ राहते, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, महामार्गाला लागून राहणाऱ्याला तो धूर काय असतो ते माहीत आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला, तोही योग्यच. तवंदी काकांनी ओल्या पोत्याचं सांगितलं ते वाचल्यावर याविरुद्ध कुणी बोलणार नाही. पण रस्त्याकडेच्या मिस्त्रीच्या हातातनं गाडी सुटली हेही खरं. स्कॅनर लावल्याशिवाय दोष कळत नाही, आणि तो स्कॅनर कंपनीकडं.

राधानगरी_रोड

जुन्या गाड्यांचं पुढं काय झालं तेही लिहा. लांब पल्ल्यातनं काढल्यावर त्या भंगारात गेल्या नाहीत. आमच्या बाजूला दुर्गमानवाडचा बॉक्साइट बेळगावला जायचा, त्या लाल मातीच्या घाटरस्त्यावर जुन्या टाटा वर्षानुवर्षं पळाल्या. आणि दिवाळीनंतर साखर कारखान्यांचं गाळप सुरू झालं की ऊस वाहतूक. कारखान्याच्या आवारात रात्री रांगेत उभ्या असलेल्या गाड्यांत ज्या सगळ्यात जुन्या, त्या बहुतेक बारा-दहा. फेरी जवळची, वेग कमी, भार जास्त, मिस्त्री गावातलाच. त्या कामाला यापेक्षा योग्य गाडी नव्हती.

कागल_बॉर्डर

हा धागा वाचून धीर आला म्हणून लिहितोय. आमच्या आबांनी घेतलेली १२१० अजून आमच्या आवारात उभी आहे. तारा असलेली नाही, 'टी'वाली आहे, पण कागद, पहिलं पावतीबुक सगळं आहे. भंगारवाला दर दोन-तीन महिन्यांनी येऊन जातो. घरात कुणाला विकायची नाही. विंटेज म्हणून नोंद करून चालती ठेवता येईल का? आणि तोवर पावसाळ्यात ती कशी सांभाळायची?

नोझल_टेस्टर

दादा, विकू नका. नोंदणीचं मात्र निराश करणारं उत्तर आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये विंटेजची तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली गाडी, नंबरात 'व्हीए' अक्षरं, नवीन नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. पण ती तरतूद दुचाकी आणि खासगी वापराच्या चारचाकीसाठी आहे. माल वाहणारा ट्रक त्यात बसत नाही. राजेरजवाड्यांच्या मोटारी जपायला नियम आहे आणि ज्या गाडीनं देशाचा माल ओढला तिला नाही, याची मला मनापासून खंत वाटते. हा बदल व्हावा म्हणून आपण सगळ्यांनी लेखी मागणी करायला हवी, मी मसुदा करायला तयार आहे. तोवर रस्त्यावर न काढता आवारात जतन करणं हाच मार्ग. तुमच्या आरटीओत जाऊन त्यासाठी कागदांचं काय करायचं ते लेखी विचारून घ्या.

हौदा_फाळका

केबिनचा रंग घासून नवा मारू नका, ही माझी हात जोडून विनंती. जुन्या रंगाखाली पेंटरचं नाव असतं, बहुतेक दाराच्या खालच्या कोपऱ्यात. आधी फोटो काढा. हौद्याचं लाकूड कुजलं असेल तर तेवढी फळी बदलू, सगळा हौदा नको. मी येऊन बघून जातो, पैशाचा प्रश्न नाही.

सँड_कोअर

चॅसी नंबर आणि इंजिन नंबर खडूनं घासून कागदावर उतरवून घ्या. इंजिन मूळचं ६९२ आहे की नंतर ६९७ बसवलंय तेही बघा, तशी अदलाबदल बऱ्याच गाड्यांत झाली. एखादा ड्रम किंवा हब गेला असेल तर कळवा. आमच्याकडं जुने लाकडी पॅटर्न माळ्यावर आहेत, त्यातला बसणारा सापडला तर एक नग ओतून देऊ.

तवंदी_घाट

नातवाला सांगून लिहितोय, नीट वाचा. रेडिएटरचं आणि इंजिनाच्या ब्लॉकचं, दोन्ही पाणी सोडा. ब्लॉकचा कॉक वेगळा असतो, लोक तो विसरतात आणि आत गंज धरतो. डिझेल टाकी रिकामी ठेवू नका, रिकाम्या टाकीत दव जमतं. बॅटरी काढून ठेवा. चॅसीखाली ठोकळे देऊन स्प्रिंगच्या पाट्यांवरचा आणि टायरवरचा भार उचला. सायलेन्सरचं तोंड चिंधीनं बंद करा, उंदीर जातात. महिन्यातनं एकदा इंजिन हातानं फिरवा, सुरू करायचं नाही, नुसतं फिरवायचं. ताडपत्री गाडीला चिकटवून बांधू नका, वारा जायला वाट ठेवा.

कागल_बॉर्डर

काका, उद्याच ब्लॉकचा कॉक बघतो. हौदा_फाळका दादा, रविवारी या, जेवायलाच या. खालच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव आहे.

गूळबाजार_शाहूपुरी

मीही रविवारी येतो, फोटो आणि मापं घेऊन इथंच टाकतो. शिरोलीच्या बाजूला गाडी हलवायचा विचार असेल तर करू नका, २०१९ आणि २०२१ च्या पुरात तिथं महामार्गच पाण्याखाली गेला होता. कागललाच राहू द्या. यंत्रमाग ताई, वडिलांच्या वहीतली एक-दोन पानं दाखवायला हरकत नसेल तर तीही टाका. नोझल_टेस्टर, मागणीच्या मसुद्यात ट्रकबरोबर एसटीच्या जुन्या बसचाही उल्लेख करा.